जाम बोल्ट, तुटलेला बोल्ट: घरच्या घरी गाडी उघडताना

दहाच्या पान्याने सुटणारा बोल्ट होता. जाडी सहा मिलिमीटर, लांबी जेमतेम इंचभर. थर्मोस्टॅटचं झाकण इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, धरून ठेवणारे असे दोन बोल्ट माझ्या जुन्या छोट्या गाडीला आहेत. रविवारी सकाळी पहिला मुकाट्याने सुटला. दुसरा हलेना, म्हणून मी लांब दांड्याचा रॅचेट, म्हणजे गोटी (बोल्टच्या डोक्यावर बसणारी टोपी) फिरवायचा दांडा, लावला. बोल्ट फिरायला लागला आणि मला वाटलं, सुटतोय. प्रत्यक्षात तो पिळवटत होता. पुढच्या क्षणी डोकं गोटीत आणि उरलेला दांडा हेडमध्ये.

इथपर्यंत फारसं बिघडलं नव्हतं. पण दुपारी मी त्या तुकड्याला भोक पाडून त्यात इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायची निमुळती, पिळाची काठी, ठोकला, आणि तोही आतच मोडला. गाडी चार दिवस अंगणात उघडी पडली आणि मी एसटीने कामावर गेलो. शेवटी ओळखीचा लेथवाला सामान घेऊन घरी आला. म्हणाला, "दादा, बोल्ट तुटला तेव्हाच फोन केला असतात तर वर नट वेल्ड करून दहा मिनिटांत काढला असता. आता तुम्ही आत पोलाद पेरून ठेवलंय."

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: आत्ता जे करतोय ते फसलं, तर पुढचा उपाय शिल्लक राहतो का? डोकं गोल झालं की गोटीचा रस्ता बंद. दांडा पृष्ठभागापर्यंत कापला की लॉकिंग प्लायरचा, म्हणजे आवळून अडकून राहणाऱ्या पकडीचा, रस्ता बंद. इझी-आउट आत मोडला की ड्रिलचाही बंद. पुढचा सगळा क्रम या एका प्रश्नावर लावलेला आहे.

जाम कशामुळे झालाय, ते आधी बघा

आमचं घर अलिबागच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. इथे गाडीखाली सगळ्यात जास्त भेटतो तो साधा तांबडा गंज. लोखंडापेक्षा त्याचा गंज जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली फट मुळात केसाएवढी, ती गंजाने फुगून भरते आणि नट-बोल्ट एकमेकांत पाचर मारल्यासारखे बसतात. अमेरिकेत मिशिगनला किंवा कॅनडात ओंटारियोत राहणाऱ्या आपल्या लोकांना हेच दुखणं रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठामुळे होतं. आपल्याकडे ते काम खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस करतो.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असेल तर तिथे तांबडा गंज दिसत नाही, पांढरी भुकटी दिसते. दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची भुकटी आट्यांत घट्ट बसते. माझ्या थर्मोस्टॅटच्या झाकणाभोवती कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, झिरपून ही भुकटी जमलेली होती. मला ती दिसली होती, पण तिचा अर्थ कळला नव्हता.

तिसरं कारण माणसाचं. चाकाचे नट हवेच्या गनने बेसुमार आवळलेले असतात. चौथं थ्रेडलॉक, म्हणजे आट्यांना लावलेला डिंक. निळा असेल तर हाताच्या जोराने सुटतो. लाल असेल तर अडीचशे अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय तो ऐकत नाही आणि तेलाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

सस्पेन्शनच्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बोल्टची गोष्ट आणखी वेगळी. तिथे आटे ठीक असतात, पण बोल्टची गुळगुळीत दांडी रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून चिकटते. नट सहज निघतो, बोल्ट थोडा फिरतो, रबर त्याच्याबरोबर पिळतं आणि परत येतं. बोल्ट बाहेर मात्र येत नाही. इथे तेल-हातोड्यात तास घालवू नका. बुश तसाही बदलायचा असेल तर दोन्ही बाजूंनी कापणं हाच शहाणपणा.

किती जोर म्हणजे जास्त जोर

घरी काम करणाऱ्यांचे तुटणारे बोल्ट बहुतेक सहा आणि आठ मिलिमीटरचे असतात. थोडं गणित बघा. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) सहाचा बोल्ट आवळायचा असतो साधारण १० न्यूटन-मीटरने. वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला तो जोर फक्त पाच किलो वजनाएवढा होतो. आठच्या बोल्टला साधारण २५, दहाच्याला ५० आणि बाराच्याला ८५ न्यूटन-मीटर. आता फूटभर लांबीचा अर्ध्या इंची रॅचेट घ्या आणि बारा किलोने ओढा. पस्तीसच्या वर जोर झाला. सहाचा बोल्ट एवढ्यात तुटतोच, आणि हाताला आपण काही फार केलं असं वाटतसुद्धा नाही.

म्हणून सहाच्या बोल्टला बसणाऱ्या दहाच्या गोटीला छोटा, पाव इंची रॅचेटच लावायचा. मोठा पेटीत ठेवायचा, म्हणजे मोह होत नाही.

जोराइतकाच त्याचा स्पर्श ओळखता यायला हवा. गंजाची पकड सुटते तेव्हा 'टक्' असा कोरडा, तुटक आवाज येतो आणि बोल्ट एकदम थोडा सरकतो. हा चांगला आवाज. याउलट बोल्ट आवाज न करता, मऊ, रबर पिळल्यासारखा फिरत असेल आणि जोर वाढतही नसेल, तर तो सुटत नाहीये, ताणला जातोय. त्या क्षणी थांबलात तर बोल्ट अजून अखंड असतो.

हत्यारं

मोठी यादी लागत नाही, पण काही गोष्टींना पर्याय नाही. गोट्या आणि रिंग पाने सहा कोनांचे घ्या. बारा कोनांची गोटी बोल्टच्या टोकांवर जोर देते, सहा कोनांची सपाट बाजूंवर. गंजलेल्या डोक्यावर हा फरक निर्णायक ठरतो. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, जाम बोल्टला पहिल्यांदा कधीच लावू नका. अॅडजस्टेबल पान्याबद्दल तर बोलायलाच नको.

मापाचाही घोळ असतो. मारुती, टोयोटा, होंडा अशा जपानी वळणाच्या गाड्यांत सहाच्या बोल्टला १०, आठच्याला १२, दहाच्याला १४ आणि बाराच्याला १७ चा पाना लागतो. टाटा, महिंद्रा आणि युरोपीय गाड्यांत आठच्या बोल्टला बहुतेक १३. बाराच्या डोक्यावर 'जवळजवळ बसतोय' म्हणून तेराची गोटी लावली की डोकं गोल झालंच समजा. गंजून डोकं बारीक झालं असेल तर वायर ब्रशने साफ करून एक माप लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवता येते.

याशिवाय एक किलोच्या आतला हातोडा, सेंटर पंच (भोकाची खूण ठोकायचा), चांगला लॉकिंग प्लायर, छन्नी, वायर ब्रश, लांब ब्रेकर बार (गोटीला जास्त जोर लावायचा दांडा), ड्रिल मशीन आणि ६, ८, १० चे टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार). गाडीच्या आट्यांचं अंतर लक्षात ठेवा: सहाला १, आठला १.२५, दहाला जपानी गाड्यांत बहुतेक १.२५ आणि इतरत्र १.५ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात दहाचा टॅप मागितला तर दीडचाच हातात देतात, तेव्हा जुना बोल्ट बरोबर न्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, इथे सुटा बोल्टसुद्धा ग्रेड बघून मिळतो.

आणि गाडी जॅकवर उभी करून तिच्याखाली जाम बोल्ट ओढायचा नाही. डिकीतला कात्रीसारखा जॅक चाक बदलण्यापुरता आहे. बोल्टला हिसका देताना गाडी हलते, म्हणून खाली पक्के स्टँड आणि चाकांना पुढे-मागे दगड हवेतच. डोळ्यांना चष्मा लावा, कारण गंजाची खपली सरळ डोळ्यात येते.

तेल आणि वेळ

डब्ल्यूडी-४० ला आपण जाम बोल्टचं औषध समजतो. १९५३ साली सॅन डिएगोच्या एका छोट्या कंपनीने ते पाणी हटवण्यासाठी बनवलं, आणि नावातले ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. काम ते करतं, पण खास गंजात झिरपण्यासाठी बनवलेलं तेल त्याहून चांगलं. बाजारात 'रस्टोलीन' वगैरे नावांनी ते मिळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरणारे बरेच आहेत. मीही वापरलंय, पण ॲसिटोन चटकन पेट घेतं आणि रंग खातं, एवढं लक्षात असू द्या. गॅरेजमध्ये पूर्वी रॉकेल किंवा डिझेल सोडायचे. काहीच नसेल तर तेही चालतं.

तेल कुठलं, यापेक्षा ते कसं लावता याला जास्त महत्त्व. आधी वायर ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करा, नाहीतर तेल वरच्या मातीतच मुरतं. मग तेल सोडा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोड्याने सरळ पाच-सहा ठोके द्या. ठोक्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल तिथून आत जातं. परत तेल. हे आदल्या संध्याकाळी एकदा, झोपण्यापूर्वी एकदा, सकाळी एकदा. शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटं खर्च केली की रविवारची सकाळ वाचते. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर तेल जाऊ देऊ नका. गेलंच तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमध्ये मुरलं असेल तर पॅड बदला.

सोडवण्याची रीत

गाडीखाली पाठीवर झोपून वर बघताना दिशा उलटी-सुलटी होते, आणि शहाणी माणसं बोल्ट सोडवायच्या ऐवजी आवळत बसतात. बोल्टच्या डोक्यासमोर आपलं तोंड आहे अशी कल्पना करा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. उलट्या आट्यांचे बोल्ट गाडीत क्वचित असतात. टेबल फॅनच्या पात्यावरची टोपी किंवा सायकलचं डावं पेडल हे घरातले नमुने.

गोटी पूर्ण खोल बसवा. एका हाताने गोटीची मान बोल्टवर दाबून धरा, दुसऱ्याने ओढा. सुरुवात मात्र आवळण्याने करायची, अगदी किंचित. विचित्र वाटेल, पण गंजाची पकड मोडायला दोन्ही दिशा सारख्याच उपयोगी असतात, आणि आवळण्याच्या दिशेचे आटे स्वच्छ असतात. 'टक्' झालं की उलट फिरवा. अर्धा फेरा सोडवा, पाव फेरा परत आत, तेल, पुन्हा अर्धा फेरा. जोर वाढला की मागे फिरा. सुटायला लागलेला बोल्ट एका दमात ओढून काढणं ही मी पाहिलेली सगळ्यात महाग घाई आहे. गंजाचा चुरा आट्यांत अडकतो, बोल्ट पुन्हा जाम होतो आणि या वेळी अर्ध्यावर तुटतो.

ब्रेकर बारवर एकसारखा दाब देण्यापेक्षा छोटे, तुटक हिसके बरे. इलेक्ट्रिक इम्पॅक्ट रेंच (ठोके देत फिरवणारी गन) असेल तर कमी जोरावर दहा-पंधरा सेकंद थरथरू द्या. पण सहाच्या बोल्टला ही गन लावू नका. जाम झालेल्या फिलिप्स स्क्रूसाठी हातोड्याने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो. तो स्वस्त आहे आणि आयुष्यभर पुरतो.

उष्णता

तेल हरलं की पाळी आगीची. पण इथे आधी मनाई सांगतो. पेट्रोलची टाकी, इंधनाची नळी, ब्रेकचा होज, रबरी बूट, एअरबॅगची वायरिंग, यांच्याजवळ ज्योत नाही. तेल मारलं असेल तर पुसा आणि वाळू द्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेला तर अजिबात ज्योत लावू नका. त्यातल्या काहींमध्ये क्लोरीन असतं आणि ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. शेजारी ओलं फडकं आणि वाळूची बादली ठेवा.

तापवायचं बोल्टला नाही, त्याच्याभोवतीच्या नटाला किंवा भागाला. दहा मिलिमीटरचं पोलादी भोक दीडशे अंशांनी तापलं तर जेमतेम दोन शतांश मिलिमीटर मोठं होतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ॲल्युमिनियममधल्या पोलादी बोल्टला हा उपाय जास्त लागू पडतो. धोकाही तिथेच. पोलाद लाल होऊन इशारा देतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता सहाशे अंशांच्या आसपास सरळ वितळतं. तिथे टॉर्च न वापरता रंग काढायची गरम हवेची गन वापरा, आणि पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडतो इतकंच तापवा.

तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवायची युक्ती जुनी आणि खरी आहे. मेण वितळून फटीतून आत ओढलं जातं आणि तेलाचं काम करतं. लोखंडी भागावर मी आता हेच आधी करतो. तापवून लाल केलेला बोल्ट मात्र परत वापरायचा नाही, त्याचा कडकपणा गेलेला असतो.

डोकं गोल झालं तर

पहिल्यांदा पाना सटकला की थांबा. दुसऱ्यांदा सटकू देऊ नका. एक माप लहान सहा-कोनी गोटी ठोकून बसवा. नाही जमलं तर आतून उलट्या पिळाची, डोक्यात रुतणारी एक्स्ट्रॅक्टर गोटी मिळते. ती हातोड्याने बसवून हळू फिरवा. डोकं बाहेर मोकळं असेल तर लॉकिंग प्लायर इतका घट्ट आवळा की बंद करताना हात दुखेल. तेही नाही तर छन्नी डोक्याच्या कडेवर तिरपी धरून सुटायच्या दिशेने ठोका.

आणि काही ठिकाणी हे सगळं करायचंच नाही. सायलेन्सरच्या फ्लँजचे (जोडाच्या कड्याचे) नट, हीट शील्डचे (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचे) बोल्ट, जिथे दोन्ही टोकं उघडी आहेत आणि नवा नट-बोल्ट घालता येतो, तिथे ग्राइंडर किंवा हॅक्सॉ घ्या आणि कापा. पंचवीस रुपयांच्या नटासाठी अर्धा दिवस घालवणाऱ्या माणसात जिद्द आहे हे मान्य, पण गाडी दुरुस्तीत तिला किंमत नाही.

तुटला. आता?

पहिलं काम, पाना खाली ठेवणं. दुसरं, उरलेल्या भागाकडे नीट बघणं.

काही दांडा बाहेर आहे का? असेल तर तुमचं नशीब चांगलं. झाकण निघाल्यावर बोल्टवरचा ताणही गेलेला असतो, त्यामुळे उरलेला दांडा बऱ्याचदा मूळ बोल्टपेक्षा सहज फिरतो. तेल, मेण, उष्णता, मग लॉकिंग प्लायर. आवळ-सोडव, आवळ-सोडव. आटे चांगले असतील तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून दांडा फिरवा. दिसतोय तो दांडा सफाईसाठी घासून कमी करू नका.

दांडा पृष्ठभागाशी समतल किंवा थोडा आत असेल, तर माझ्या मते सरळ वेल्डिंगवाला गाठा. तुटक्या दांड्यावर मोठा नट ठेवून मधून वेल्ड भरतात. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी. नट तर जोडला जातोच, वर वेल्डच्या उष्णतेने आटेही मोकळे होतात. नट किंचित निवला की पाना लावून हळू हलवायचा. पहिल्यांदा नट तुटून आला तर परत वेल्ड. तीन-चार खेपा लागू शकतात. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढून ठेवायला सांगा आणि अर्थची पकड त्याच भागाजवळ लावायला सांगा. काही ठिकाणी वेल्डिंगवाला बॅटरी काढायला कंटाळा करतो. तुम्ही करू नका.

वेल्डिंग शक्यच नसेल तेव्हा ड्रिल. इथे सगळं काम केंद्रबिंदूवर ठरतं. तुटलेला भाग वाकडा-खडबडीत असेल तर आधी सपाट करा. मग सेंटर पंचने बरोबर मधोमध खूण. मधोमध म्हणजे मधोमध. सहाच्या बोल्टमध्ये अर्धा मिलिमीटर चुकलात तर ड्रिल एका बाजूचे आटे खातो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी तुकडा असेल तर ड्रिल कठीण पोलाद सोडून बाजूच्या मऊ धातूत घसरतो, आणि तिथे एक नवंच भोक तयार होतं. यावरची युक्ती मला त्या लेथवाल्याने दाखवली: काढलेलं झाकण परत जागेवर लावायचं, त्याच्या भोकात बसेल आणि आतून ड्रिल जाईल अशी छोटी नळी घालायची. नळी ड्रिलला हलू देत नाही.

आधी अडीच मिलिमीटर, मग चार. वेग कमी, दाब ठाम, तेल सतत. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी लावा, कारण खाली कूलंटची वाट असू शकते. डावा फिरणारा ड्रिल बिट मिळाला तर उत्तम, कारण कधी कधी ड्रिल करतानाच तुकडा सुटून बाहेर येतो. गल्लीच्या दुकानात तो सहसा नसतो, मागवावा लागतो.

आता इझी-आउट. लोक तुटलेल्या बोल्टसाठी पहिल्यांदा हाच उचलतात, आणि मी तो शेवटी ठेवतो. कारण साधं आहे: जो बोल्ट पूर्ण जाडीचा असताना तुमच्या पान्याने निघाला नाही, तो आतल्या चार मिलिमीटरच्या कडक पण ठिसूळ काठीने निघेल का? शिवाय त्याचा निमुळता पिळ बोल्टला आतून फुगवतो, म्हणजे जास्तच जाम करतो. बोल्ट जोराने तुटला पण गंजलेला नव्हता, अशा वेळी तो काम करतो. गंजलेल्यात बहुतेकदा मोडतो. मोडलेला तुकडा साध्या ड्रिलने कापला जात नाही. त्याला कार्बाइडचं, म्हणजे फार कठीण टोकाचं, हत्यार लागतं, किंवा भाग काढून स्पार्क मशीनवर (ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) न्यावा लागतो. भोसरी, सातपूर अशा एमआयडीसीत हे काम करणारे आहेत, पण त्यासाठी इंजिनचं हेड उतरवावं लागलं तर खर्च तिथेच दहापट होतो. माझ्या वेळी लेथवाल्याने कार्बाइडचा बारीक बर (घासायचं फिरतं टोक) वापरून तासभर घासून तो काढला.

त्यापेक्षा ड्रिल वाढवत न्या. सहाच्या बोल्टसाठी पाच मिलिमीटर आणि आठच्यासाठी ६.८ पर्यंत. केंद्र बरोबर असेल तर बोल्टची फक्त आट्यांतली गुंडाळी उरते. ती टोकदार सुईने खेचून काढा, मग टॅप फिरवून आटे साफ करा. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा चालवा. टॅपही ठिसूळ असतो. आणि तोही आत मोडला तर परत त्याच लेथवाल्याकडे.

केंद्र चुकलं आणि आटे गेले, तरी सगळं संपत नाही. हेलिकॉइल म्हणजे पिळदार तारेचा नवा आटा. जागा मोठी करून, किटमधल्या खास टॅपने आटे पाडून ही तार त्यात बसवतात आणि आत पुन्हा मूळ मापाचाच बोल्ट जातो. नीट बसवलेली हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते. माझ्या थर्मोस्टॅटचा तो बोल्ट आज हेलिकॉइलमध्येच आहे.

काही नेहमीची ठिकाणं

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. नट निघाले पण चाक हबला चिकटलं असेल, तर सगळे नट एक-दोन फेरे सैल लावून ठेवा, गाडी खाली घ्या आणि बाजूने हलवा. चाक सुटतं आणि नट ते पडू देत नाहीत.

मागचा ब्रेक ड्रम निघत नसेल तर हातोडा घेण्याआधी त्याच्या तोंडावर बघा. मारुतीच्या ड्रमवर आटे असलेली दोन रिकामी भोकं असतात. त्यात आठचे दोन बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. हँडब्रेक अर्थातच सोडलेला हवा.

ब्रेकचा ब्लीडर निपल, म्हणजे आतली हवा काढायचा स्क्रू, आतून पोकळ असतो, म्हणून पटकन तुटतो. सहा-कोनी रिंग किंवा गोटीच लावा. भोकात बरोबर बसेल असा ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग घातला तर निपल चेपत नाही. तरी तुटला तर व्हील सिलिंडर नवा घ्या. ब्रेकच्या भागात भोकं पाडून हात आजमावायचा नसतो.

स्पार्क प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमधून इंजिन थंड असतानाच काढा. जोर लागत असेल तर थोडा सैल करा, तेल सोडा, तासभर थांबा, परत आवळून मग सोडवा.

परत लावताना

तुटलेल्याच्या जागी नवा बोल्ट त्याच ग्रेडचा. डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा आकडा वाचा. पहिला आकडा ताणशक्तीचा, दुसरा त्या शक्तीच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जातो त्याचा (.८ म्हणजे ८० टक्के). डोक्यावर काहीच न लिहिलेला हार्डवेअरचा बोल्ट गेटच्या कडीला ठीक आहे, ब्रेकच्या कॅलिपरला नाही. चकचकीत दिसतो म्हणून स्टेनलेसचा बोल्टही तिथे नको. तो त्या कामाला कमकुवत आहे, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की आटे एकमेकांत वेल्ड झाल्यासारखे अडकतात. नायलॉनचं कडं असलेला नट एकदाच वापरायचा.

आट्यांना कॉपर ग्रीस चिमूटभर. पण एक गोष्ट विसरू नका: आवळताना आपल्या जोरातला जवळजवळ नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. ग्रीसने घर्षण कमी झालं की तोच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, बोल्टला जास्त ताणतो, तेव्हा हात थोडा आखडता घ्या. चाकाच्या नटांना, जिथे ते रिमवर टेकतात त्या जागी, ग्रीस नको. स्पार्क प्लगला ग्रीस लावू नका असं एनजीकेसारख्या प्लग बनवणाऱ्या कंपन्याच म्हणतात, कारण आट्यांवर आधीच लेप असतो. थ्रेडलॉक लावलेल्या जागी ग्रीसचा प्रश्नच नाही.

पहिले तीन-चार फेरे नेहमी हाताने. हाताने जात नसेल तर बोल्ट वाकडा लागलाय. काढा आणि परत लावा. मग टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर. चाकाचे नट शंभरेक किलोमीटर चालल्यावर एकदा परत तपासा.

समुद्राजवळ राहत असाल तर मे महिन्याच्या शेवटी एक संध्याकाळ काढा. कॅलिपर, सस्पेन्शन, सायलेन्सरचा हँगर यांचे बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने साफ करा आणि त्यांवर ग्रीसचा पातळ हात द्या. डिस्क, पॅड आणि रबर सोडून. अर्ध्या तासाचं काम आहे, मृगाच्या आधी उरकलं पाहिजे. पहिला पाऊस पडल्यावर ग्रीस लावलंत तर ओल आतच कोंडली जाते.